पंचेचाळीस अंशांत टिकणारी पट्टी

झरी-जामणी तालुक्यातल्या मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे, माजरी-आदिलाबाद मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे. विषाणूची खात्रीशीर तपासणी करायची तर मात्र नमुना यवतमाळ-नागपूरकडे धाडावा लागतो. पावसाळ्यात झरी-जामणीतल्या एखाद्या कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, लेकराला ताप भरला, तर तो डेंग्यूचा की मलेरियाचा, हे तिथल्या तिथे कळायला हवं.

ते सांगणारी पट्टी गावोगावच्या आशाताईंच्या ओळखीची आहे. गरोदरपण तपासणारं ‘निश्चय’ कीट याच तत्त्वावर चालतं. डेंग्यूच्या पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला की द्रव पट्टीवरून आपोआप पुढे सरकतो. वाटेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. इतकं बारीक झालेलं सोनं पिवळं दिसत नाही, लाल दिसतं. कणांवर चिकटवलेली प्रतिपिंडं विषाणूचं प्रथिन पकडतात, आणि ‘टी’ रेषेवर बसवलेली दुसरी प्रतिपिंडं त्या जोडीला अडवतात. कण साचत गेले की लाल रेघ उमटते. शेजारची ‘सी’ची रेघ पट्टी नीट चालल्याची खूण असते; ती आली नाही, तर चाचणी बाद.

पट्टी वाचण्याआधी ताप कितव्या दिवसाचा, हे विचारलंच पाहिजे. डेंग्यूचं एनएस-१ प्रथिन पहिल्या काही दिवसांत सापडतं. पुढे आयजीएम प्रतिपिंडं शोधावी लागतात. शिवाय ‘निगेटिव्ह’वर विसंबता येत नाही. जून २०२० मध्ये आयसीएमआरने कोविडच्या पहिल्या अँटिजेन कीटला मान्यता दिली, तेव्हा त्याची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के भरली होती. म्हणून लक्षणं असलेल्या निगेटिव्ह रुग्णाची आरटी-पीसीआर सक्तीची होती. पुढच्याच वर्षी पुण्याच्या मायलॅबचं घरी वापरायचं कीट २५० रुपयांत आलं. किमतीचा प्रश्न बराचसा सुटला.

उन्हाचा सुटलेला नाही, आणि माझ्या मते इथे खरी अडचण तीच आहे. अशी बरीच कीटं २ ते ३० अंशांत ठेवायची असतात. वणी-झरी पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. प्रतिपिंडं ही प्रथिनंच. उष्णतेने त्यांची घडी मोडते. मग ‘टी’ची रेघ फिकी पडते, ‘सी’ची मात्र ठळक उमटू शकते, आणि बिघडलेली पट्टी चांगली वाटते. नव्या पट्टीची परीक्षा वातानुकूलित खोलीबाहेर, विदर्भातल्या उपकेंद्राच्या कपाटात व्हायला हवी.

अशा पट्टीची वाट पाहणारा एक ताप तर इथलाच आहे: चांदीपुरा विषाणू १९६५ साली विदर्भातच सापडला. वालुमाशीतून पसरणारा हा ताप लहान मुलांना एक-दोन दिवसांत बेशुद्धीपर्यंत नेतो. त्याचं निदान अजून प्रयोगशाळेतल्या तपासणीवरच अवलंबून आहे. त्यावर खास औषध नाही; पण झटके आणि मेंदूची सूज आटोक्यात ठेवायची तर मूल शुद्धीवर असतानाच मोठ्या रुग्णालयात पोहोचलं पाहिजे.