कुंपणाचा ठोका

चंद्रपूर-गडचिरोलीत तुमचे शेत जंगलाला लागून असेल, तर रानडुकरांचा त्रास तुम्हाला सांगायला नको. कोणी तारेत चोरून घरची २३० व्होल्टची वीज सोडतो. ती अखंड वाहते. स्नायू आखडतात, हात तार सोडत नाही. अशा तारांनी वाघ मेले, माणसेही मेली.

मग सौर कुंपणात काही हजार व्होल्ट असूनही जीव का वाचतो? त्यातले धारित्र, म्हणजे कपॅसिटर, ऊर्जा साठवते आणि साधारण सेकंदाला एकदा, निमिषभरच तारेत सोडते. झटका बसतो, पण दोन ठोक्यांमध्ये मागे सरायला सवड मिळते.

२०१६ साली सुरू झालेल्या योजनेतून काही शाळांना अटल टिंकरिंग प्रयोगशाळा मिळाल्या. तिथल्या मार्गदर्शकांनी आधी हे शिकवावे, यंत्रमानव नंतर! गुरुजींच्या देखरेखीखाली १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे धारित्र ९ व्होल्टच्या बॅटरीला क्षणभर जोडा. धन टोक धनाला, हे विसरू नका. बॅटरी काढून ते १ किलोओहमच्या रोधातून एलईडीला जोडा. दिवा उजळेल, मंदावत विझेल. आता १०० मायक्रोफॅरडचे धारित्र घ्या. दिवा किती वेळ टिकला?