गळ्यात नीट बसणारा टाय : आपल्या मुलांसाठी तो कसा असावा?



जून जवळ आला की गुलमंडी आणि औरंगपुऱ्यात गणवेशासाठी झुंबड उडते आणि मंडळीतील अनेक जण आम्हाला विचारतात, "वसतिगृहाच्या मुलांना यंदा काय काय लागेल?" वह्या, दप्तर, बूट, स्वेटर ही यादी बहुतेकांना पाठ आहे. टाय त्या यादीत अगदी शेवटी असतो. वस्तू लहान, किंमत थोडी, म्हणून त्याकडे कोणी फारसे पाहत नाही. पण शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत सर्वात जास्त तक्रारी त्याच्याच येतात. गाठ खाली घसरते, इलॅस्टिक कॉलरच्या बाहेर दिसते, आकडा निसटतो, टाय हरवतो. म्हणून या अंकात टाय कसा बनतो, तो का सुटतो, कॉलरला नीट का बसत नाही आणि आपल्या मुलांसाठी तो कसा शिवावा, हे सविस्तर लिहीत आहे.

टाय वस्तीपर्यंत कसा पोचला?

महाराष्ट्र शासनाच्या आदिवासी विकास विभागाची एक योजना आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. अनुसूचित जमातीच्या मुलांना इंग्रजी माध्यमाच्या नामांकित निवासी शाळांत पहिलीपासूनच प्रवेश मिळतो आणि त्यांचा खर्च शासन उचलते. कन्नड, सोयगावकडच्या डोंगरांतील भिल्ल आणि ठाकर वस्त्यांमधील मूल सहा वर्षांचे असताना घर सोडते आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या गळ्यात टाय येतो. तो बांधायचा कसा हे आईला माहीत नसते, वडिलांनाही नसते. शेजारच्या बाकावरच्या मुलाचा टाय घरून नीट बांधून आलेला असतो. प्रार्थनेच्या रांगेत कोणाचा टाय लोंबतो आहे हे सर्वांना दिसते. नवी भाषा, नवे जेवण, नवे अंथरूण यांच्याशी झगडणाऱ्या मुलाला त्या रांगेत हसू होणे फार लागते. काही मुले पहिल्या सुट्टीला घरी जातात ती परत येतच नाहीत. त्यामागची कारणे मोठी असतात हे खरे, पण रोज सकाळी होणारी अशी लहानसहान फजितीही त्यांत भर घालते.

मराठवाड्याच्या उन्हात लहान मुलांना टाय हवाच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्तच आहे. जपान सरकारने 2005 सालापासून उन्हाळ्यात कचेऱ्यांमध्ये टाय न लावण्याची मोहीम चालवली, म्हणजे वातानुकूलन कमी लागेल. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने 2007 साली रुग्णालयातील डॉक्टरांना रुग्ण तपासताना टाय नको असे सांगितले, कारण टाय क्वचितच धुतला जातो आणि जंतू वाहून नेतो. आपल्या शाळांनीही याचा विचार करावा, असे मला वाटते.

पण दुसरी बाजूही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली याच शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले. गावोगावच्या त्यांच्या पुतळ्यांवर सूट आणि टाय असतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना चांगले कपडे घालण्याचीही मुभा नव्हती, त्यांना त्या पोशाखातून काय सांगितले जाते, हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. आपल्या मुलांनाही टाय आवडतो. सुट्टीत घरी जाताना ती तो लावूनच जातात. जोवर शाळा टाय मागते, तोवर आपल्या मुलाचा टाय कोणापेक्षाही कमी दिसू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

टाय बनतो कसा?

सतराव्या शतकात क्रोएशियाचे सैनिक फ्रान्समध्ये लढायला आले, तेव्हा ते गळ्याला रुमाल बांधत. फ्रेंचांना तो आवडला आणि त्यातून पुढे टाय घडत गेला. आजचा टाय मात्र शंभरेक वर्षांपूर्वीचा आहे. 1920च्या दशकात न्यूयॉर्कमधील जेसी लँग्सडॉर्फ या शिंप्याने टायचे कापड उरेब कापून तीन तुकड्यांत जोडण्याची पद्धत काढली आणि तिचे पेटंट घेतले.

शिवणकाम करणाऱ्या भगिनींना उरेब म्हणजे काय हे सांगायला नको. ब्लाउजच्या गळ्याला आपण उरेब पट्टी लावतो, कारण ती वळणावर चुण्या न पडता बसते. उभ्या-आडव्या धाग्यांना 45 अंशांत कापलेले कापड ताणले जाते आणि पुन्हा जागेवर येते. टायला नेमके हेच लागते. रोज गाठ मारून, ओढून, सोडूनही तो पिळवटत नाही आणि सरळ लोंबतो. सरळ कापलेला टाय काही दिवसांतच एका बाजूला वळू लागतो. उरेब कापताना कापड जास्त लागते, म्हणून स्वस्त टाय बहुधा सरळच कापलेले असतात. विकत घेताना टाय बारीक टोकाने धरून लोंबता सोडावा. तो गिरकी घेत असेल तर घेऊ नये.

टायच्या आत एक जाडसर अस्तर असते. टायला अंग येते ते त्याच्यामुळे, आणि गाठही त्याच्यामुळेच भरीव दिसते. मागची शिवण हातशिलाईने, धागा किंचित सैल ठेवून घालतात, म्हणजे टाय ताणला तरी धागा तुटत नाही.

तयार गाठीचा टाय का सुटतो?

लहान मुलांसाठी दुकानात मिळतो तो तयार गाठीचा टाय. त्याचे चार मुख्य प्रकार आहेत.

पहिला इलॅस्टिकचा. गाठीच्या दोन्ही बाजूंनी इलॅस्टिक निघते आणि ते आकड्याने अडकवतात किंवा डोक्यातून घालतात. हा सर्वात स्वस्त. पण गरम पाणी, सोड्याचे साबण आणि कडक ऊन यांनी इलॅस्टिकमधील रबर लवकर मरते. मग इलॅस्टिक सैल होते आणि गाठ कॉलरच्या बटणाखाली उतरते.

दुसरा चेनचा. यात गळ्याभोवतीचा फेरा चेनने लहान-मोठा होतो. दिसायला खऱ्या गाठीसारखा असतो, पण चेनचे दात झिजले की तो दिवसभरात हळूहळू सैल होतो.

तिसरा वेल्क्रोचा. स्वित्झर्लंडचे जॉर्ज द मेस्त्राल यांनी आपल्या कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडे पाहून ही युक्ती शोधली आणि 1955 साली तिचे पेटंट घेतले. रानातून येताना आघाड्याच्या बिया धोतरा-लुगड्याला चिकटतात, तसेच हे. वेल्क्रोचा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो एका टोकाकडून सोलला तर सहज निघतो, पण लांबीच्या दिशेने ओढला तर घट्ट धरून राहतो.

चौथा बटणाला किंवा कॉलरला अडकवण्याचा. यात गळ्याभोवती फेराच नसतो. गाठीमागे चाप किंवा कडी असते आणि टाय पुढेच अडकतो.

सुटू नये, पण सुटलाही पाहिजे

शिवणाऱ्यासमोरची खरी अडचण येथे आहे. सकाळच्या प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत टाय जागेवर राहिला पाहिजे. पण तोच टाय घसरगुंडीच्या कठड्यात, बसच्या दारात किंवा पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात अडकला, किंवा खेळताना दुसऱ्या मुलाने मागून ओढला, तर तो त्या क्षणी निघून आला पाहिजे. खरी गाठ ओढली की आणखी आवळते. चेनचा टायही आवळू शकतो. वेल्क्रो गळ्याभोवती लांब पट्टीने जोडलेला असेल तर ओढ त्याच्या लांबीच्या दिशेने बसते, म्हणून तोही वेळेवर सुटेल याची खात्री नाही. झटापटीत कोणी टाय ओढून गळा आवळू नये म्हणून अनेक देशांतील पोलीस अडकवायचाच टाय वापरतात. ब्रिटनमधील अनेक शाळांनीही मुलांसाठी तोच स्वीकारला आहे.

तेव्हा पाचवीपर्यंतच्या मुलांच्या गळ्याभोवती फेरा असूच नये, या मताला मी आले आहे. टाय पुढून अडकवायचा असावा. तो घट्ट राहील ही जबाबदारी कॉलर आणि बटणाने घ्यावी, गळ्याने नव्हे.

आधी कॉलर, मग टाय

टाय बिघडला असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा चूक कॉलरची असते. पुढील चार गोष्टी पाहाव्यात.

1. वरचे बटण लागले पाहिजे. मुलाच्या गळ्याभोवती टेप धरावा, आत दोन बोटे घालावीत आणि मग माप वाचावे. शर्ट उलगडून बटणाच्या मध्यापासून काजाच्या लांबच्या टोकापर्यंतचे अंतर या मापाइतके हवे. मूल वर्षभरात वाढते, म्हणून काजाशेजारी इलॅस्टिकची लहान कडी जादा लावून ठेवावी. कॉलर आवळू लागली की बटण त्या कडीत लावता येते.

2. कॉलरमध्ये बकरम हवे. मऊ कॉलर टायच्या ओझ्याने वर उचलली जाते आणि तिची टोके वळतात.

3. कॉलरच्या दोन टोकांमधील जागा आणि गाठीची रुंदी यांचा मेळ हवा. जागा अरुंद असेल तर गाठ लहान हवी, नाहीतर ती कॉलरला बाहेर ढकलते. जागा रुंद आणि गाठ बारीक असेल तर दोन्ही बाजूंना फट दिसते.

4. गाठीचा वरचा काठ बटण पूर्ण झाकणारा असावा. बटण दिसले की टाय घसरल्यासारखा वाटतो.

आपल्या शिवणवर्गासाठी नमुना

लांबीसाठी मुलाचे वय विचारू नये. शर्टाच्या वरच्या बटणापासून पट्ट्याच्या बकलापर्यंत टेपाने मोजावे. टायचे टोक तेथवर यावे. लहान मुलासाठी रुंद टोक पाच ते सहा सेंटिमीटर पुरे होते.

कापड उरेब कापावे आणि आत अस्तर घालून पाते शिवावे. साधी, एकेरी गाठ मारून ती मागच्या बाजूने हातशिलाईने पक्की करावी. गाठीच्या वरच्या काठाखाली एक सेंटिमीटरवर, मागच्या बाजूला, इलॅस्टिकची घट्ट कडी शिवावी; ती शर्टाच्या वरच्या बटणात अडकते. कडी काठापासून खाली असल्यामुळे गाठ आपोआप बटणावर चढून बसते. गाठीच्या दोन्ही बाजूंना त्याच कापडाचे चार-चार सेंटिमीटरचे दोन कान काढावेत आणि ते कॉलरखाली सारावेत. त्यामुळे गाठ डोलत नाही आणि समोरून टाय गळ्याभोवती गेल्यासारखाच दिसतो. पात्याच्या मागे, छातीच्या उंचीवर, एक आडवी पट्टी शिवून तिला काज करावे आणि ते शर्टाच्या तिसऱ्या बटणात लावावे. मग मूल जेवायला वाकले तरी टाय ताटात पडत नाही.

टाय मुलाच्या हाती देण्यापूर्वी चाचणी घ्यावी. शर्ट हँगरला अडकवून बटण लावावे, टाय लावावा, पण तिसऱ्या बटणाचे काज मोकळे ठेवावे. टायच्या टोकाला अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली पिशवीत घालून लटकवावी. टाय जागेवर राहिला पाहिजे. मग ती काढून टाय हाताने जोरात हिसडावा; कडी ताणून बटणावरून निसटली पाहिजे. निसटत नसेल तर कडी थोडी मोठी करावी, सहज निघत असेल तर लहान. शेवटी तिसऱ्या बटणाचे काज लावून पुन्हा हिसडून पाहावे. ती पट्टीही सहज सुटायला हवी, म्हणून तिचे काज ऐसपैस ठेवावे. इलॅस्टिक दर सहामाहीला बदलावे. टाय गार पाण्यात धुवावा आणि सावलीत वाळवावा.

सहावीपासून पुढच्या मुलांना मात्र खरी गाठ शिकवावी. पुढे मुलाखतीला, नोकरीला जाताना ती त्यांना लागेल आणि तेव्हा कोणापुढे गळा पुढे करून उभे राहावे लागणार नाही. यंत्रशाळेत, आयटीआयच्या वर्गात किंवा गिरणीजवळ टाय काढून ठेवायचा, हेही त्याच वेळी शिकवावे.

आपण काय करू शकता?

घरातील जुने टाय पाठवावेत का, असे अनेक जण विचारतात. जरूर पाठवा. शाळेचा रंग ठरलेला असल्याने ते वर्गात चालत नाहीत, पण मोठी मुले त्यांवर गाठ शिकतात. फाटलेल्या टायमधील आतले अस्तर तर फार मोलाचे. ते उसवून, धुवून नव्या टायमध्ये घालता येते, आणि चांगले अस्तर बाजारात सहज मिळत नाही.

नवे टाय देणार असाल तर आधी आमच्याकडून शाळेचा रंग आणि प्रत्येक मुलाचे माप घ्या. एकाच मापाचे पन्नास टाय आणण्यापेक्षा मापाचे वीस टाय अधिक उपयोगी पडतात.

भगिनी मंडळांना विशेष विनंती आहे. यापोची दुर्कस विधवांसाठी अंगरखे आणि वस्त्रे शिवत असे, हे आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो. शिवणयंत्र चालवणाऱ्या दोन भगिनी मे महिन्यात एक आठवडा वसतिगृहात आल्या, तर मापे घेणे, कॉलरी दुरुस्त करणे आणि कड्या बसवणे ही सारी कामे शाळा उघडण्यापूर्वी होतील. येताना बारीक इलॅस्टिक, बकरम आणि पांढरी बटणे आणावीत. टेप आणि यंत्रे आमच्याकडे आहेत.