एपिड्युरल भूल आणि प्रसूतीत पुन्हा उद्भवणारी वेदना

माढ्यासारख्या तालुक्याच्या गावी वेदनारहित प्रसूतीचा विचार करताना औषधाइतकाच भूलतज्ज्ञाच्या उपस्थितीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. एपिड्युरल पद्धतीत कमरेच्या मणक्यांमधून बारीक नळी बसवून ब्युपिवाकेनचे सुमारे ०.१ टक्के द्रावण व अल्प प्रमाणात फेंटानिल दिले जाते. तरीही मध्येच कळा असह्य होऊ शकतात. नळी सरकणे, भूल एकाच बाजूस चढणे किंवा बाळ खाली उतरल्याने त्रिकास्थीकडील मज्जातंतूंतून वेदना वाहू लागणे, ही त्याची प्रमुख कारणे होत. क्वचित ही वेदना गर्भाशय फाटत असल्याची सूचनाही असते; म्हणून आधी तपासणी, मग वाढीव मात्रा, हा क्रम अनिवार्य आहे. नळी किंचित मागे घ्यावी की नव्याने बसवावी, हेही त्याच वेळी ठरवावे लागते. सबब, प्रसूती पूर्ण होईपर्यंत भूलतज्ज्ञ उपलब्ध नसेल, तर ही सुविधा अपुरीच राहते.