पाण्यात उडी कुठे मारावी?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मुखेडला एका ओळखीच्या घरी मुक्कामाला होतो. भर दुपार. बालाघाटच्या रांगांतले हे गाव वैशाखात तव्यासारखे तापते, म्हणून घरातली सगळी माणसे एका पंख्याखाली जमलेली. दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला धाकटा मुलगा वडिलांच्या मोबाईलवर गेम खेळत होता आणि आईचा जीव खालीवर होत होता. "भाऊ, तुम्हीच सांगा याला. अकरावीला गणित नको म्हणतो, अन् गेम मात्र दिवसभर पाहिजे!"

आम्ही उपदेश करायचे टाळले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो. वाचकहो, हे गेम आपल्या घराघरांत आहेत, पण मोठी माणसे त्यात डोकावत नाहीत. इंटरनेटवरून शंभरेक खेळाडू एका बेटावर उतरतात. सुरक्षित जागेचे एक वर्तुळ असते, ते हळूहळू आकसत जाते. जो वर्तुळाबाहेर राहील त्याची ताकद कमी होत जाते. (पैसे लावून खेळायचे खेळ निराळे. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केला, आणि त्यांची बाजू आम्ही घेणार नाही.)

मुलाचा गडी काठावर होता आणि वर्तुळ पाण्यापलीकडच्या एका लहान बेटावर आले होते. आम्हाला वाटले, आता तो सरळ बेटाच्या दिशेने पाण्यात शिरेल. तो मात्र काठाकाठाने पळाला आणि बेट अगदी समोर यायच्या थोडे अलीकडे त्याने पाण्यात उडी मारली.

"सरळ कामून गेला नाहीस?"

"काका, पाण्यात लई हळू जातो गडी. जमिनीवर पळून घ्यायचं."

"मग बेट समोर येईपर्यंत कामून पळाला नाहीस?"

त्यावर तो हसला. "ते बी जास्त होतं. मधात कुठंतरी."

हे 'मधात कुठंतरी' म्हणजे नेमके कुठे, हाच कलनाचा प्रश्न. आम्ही वहीचे पान मागितले. बारावीत जाणारी थोरली बहीण पेन घेऊन आली. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे आम्हीच धरले. काठ सरळ रेषेत आहे. बेट काठापासून 40 मीटर आत. बेटाच्या बरोबर समोरचा काठावरचा बिंदू खेळाडूपासून 100 मीटर दूर. जमिनीवर वेग सेकंदाला 5 मीटर, पाण्यात 3 मीटर.

सरळ तिरपे पोहत गेले तर पायथागोरसच्या प्रमेयाने अंतर सुमारे 107.7 मीटर येते आणि त्याला 35.9 सेकंद लागतात. पूर्ण 100 मीटर पळून मग काटकोनात वळून पोहले तर 20 अधिक 13.33, म्हणजे 33.33 सेकंद. आता समोरच्या बिंदूच्या 30 मीटर अलीकडे उडी मारू. पळायचे 70 मीटर, त्याला 14 सेकंद. पोहायचे 50 मीटर (30, 40, 50 चा तो दहावीतला ओळखीचा काटकोन त्रिकोण!), त्याला 16.67 सेकंद. एकूण 30.67. म्हणजे सर्वांत कमी लांबीची वाट धरणारा गडी सर्वांत उशिरा पोचला.

पण 30 हाच आकडा कशावरून? येथे बहीण अडली. म्हणाली, "डेरिव्हेटिव्ह काढून झिरोला इक्वल करायचं, एवढं पाठ आहे. कशाला करायचं ते माहीत नाही."

आम्हाला या मुलीचा राग आला नाही, वाईट वाटले. दहावीपर्यंत भूमिती मराठीत शिकलेली पोर अकरावी विज्ञानाला जाते आणि एका दिवसात सारे शब्द इंग्रजी होतात. गणित अवघड जाते असे ती घरी सांगते. अनेकदा अवघड गेलेली असते ती भाषा. डेरिव्हेटिव्ह म्हणजे अवकलज. साध्या बोलीत, एखादी गोष्ट किंचित बदलली तर दुसरी किती दराने बदलते, तो दर. उडी मारायची जागा एक मीटर अलीकडे आणली तर पळण्यातला एक मीटर वाचतो, म्हणजे एक पंचमांश सेकंद, 0.2 चा फायदा. पण पोहण्याचे अंतर वाढते. 30 मीटरच्या जागी ही वाढ दर मीटरला 50 पैकी 30, म्हणजे 0.6 मीटर असते. तीनने भागा: 0.2 सेकंदाचा तोटा. फायदा आणि तोटा बरोबरीत आले, वेळ कमीही होईना, वाढेही ना. हाच तो शून्य.

आई इतका वेळ तांदूळ निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "आमचं कापसाचं तसंच की. पहिल्या वेचणीला भराभर निघतो. पुढं पुढं झाडाला हात जास्ती अन् पदरात कापूस कमी. कधी उठावं ते हाताला कळतं." कलनाचे एवढे स्वच्छ उदाहरण आम्हाला सुचले नव्हते. गेममध्ये एका घरात सामान किती वेळ गोळा करावे, हाही याच जातीचा प्रश्न: इथे मिळण्याचा दर दुसरीकडच्या दरापेक्षा खाली आला की निघावे.

मग मुलानेच विचारले, "पण मी तर काही मोजलं नाही, मग बरोबर कसं आलं?" आम्ही त्याला आणखी दोन आकडे काढायला लावले. 20 मीटर अलीकडे उडी मारली तर 30.91 सेकंद, 40 मीटर अलीकडे मारली तर 30.86. दहा मीटरची चूक होऊनही पाव सेकंदाचासुद्धा फरक नाही! दर शून्य असतो तिथे आलेखाचा तळ सपाट असतो, म्हणून जवळपासचा अंदाजही चालून जातो. अमेरिकेतील टिम पेनिंग्ज या गणिताच्या प्राध्यापकाने मिशिगन सरोवराच्या काठी एल्विस नावाच्या आपल्या कुत्र्यासाठी पाण्यात चेंडू टाकून हेच मोजले होते. कुत्रा काठाने पळून योग्य जागेच्या जवळपास पाण्यात शिरे. 2003 साली त्यावर लेख छापून आला. ही हकिगत ऐकून बहीण भावाला काय म्हणाली ते आम्ही लिहीत नाही.

एल्विसला सूत्र नको होते, कारण त्याला परीक्षा द्यायची नव्हती. आपल्या मुलाला द्यायची आहे. एमएचटी-सीईटीच्या अभियांत्रिकी गटात 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे आहेत. अकरावीत गणित सोडले की ती वाट तिथेच बंद होते, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या वयात ती केवळ भीतीपोटी बंद करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कलनाचे पूर्ण शास्त्र सतराव्या शतकात न्यूटन आणि लायबनिझ यांनी उभे केले. पण बारीक तुकडे करून बेरीज करण्याची कल्पना आपल्याकडे जुनी. 1150 सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त भास्कराचार्यांनी गोलाच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ आवळ्यासारख्या फाका कल्पून काढले. ते संस्कृतात होते आणि मोजक्यांपुरते होते. आज तेच गणित शाळेच्या दप्तरात आहे.

निघताना आम्ही भावंडांना एक कोडे देऊन आलो, तेच येथे देतो. जुन्या कॅलेंडरचा 12 इंचांचा चौरस पुठ्ठा घ्या. चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापून बाजू वर दुमडल्या की उघडी पेटी होते. कोपरा 1 इंचाचा कापला तर पेटीत 100 घन इंच मावते, 3 इंचांचा कापला तर 108. सर्वांत जास्त कधी मावेल? चार दिवसांनी मुलाचा फोन आला: "काका, दोन इंच. एकशे अठ्ठावीस. ताईनं सूत्रानं काढलं, मी कापून बघितलं. आईनं त्या पेटीत लसूण ठेवलाय."