संगणकाच्या माळ्यावरची अडगळ

जुन्या वाड्याच्या माळ्यावर मोडका पाळणा, फुटक्या घागरी, रिकामे डबे वर्षानुवर्षें पडून असतात. गडी रोज केर काढतो; परंतु माळ्यावरील वस्तूस तो हात लावीत नाहीं. ती टाकावी कीं ठेवावी, हें ठरविणें त्याचें काम नव्हे. जावा भाषेंत लिहिलेली आज्ञावली चालतां चालतां मंदावते व अखेर बंद पडते, त्याचें एक मोठें कारण अशाच माळ्यावर सांपडतें.

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें १९९५ सालीं प्रसिद्ध केली. सी भाषेंत स्मृतींतील जागा मागून घेणें व काम होतांच ती परत करणें, हीं दोन्ही कामें आज्ञावली लिहिणारासच करावीं लागतात. जावानें दुसऱ्या कामावर एक गडी नेमला. त्याचें नांव ‘गार्बेज कलेक्टर’. ही युक्ति मूळची जावाची नव्हे. जॉन मॅकार्थी यांनीं १९५९ च्या सुमारास ती लिस्प भाषेसाठीं योजिली होती.

या गड्याचा नियम साधा आहे. चालू कामांच्या हातीं ज्या दोऱ्या असतात, त्या धरून तो निघतो. दोरी जिथवर पोंचते तेथवरच्या वस्तू राखावयाच्या. बाकी सर्व केर. वस्तु उपयोगी आहे कीं नाहीं, हें त्यास कळत नाहीं. तिला कोणी धरून ठेविलें आहे काय, एवढेंच तो पाहतो.

समजा, एका आज्ञावलींत येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाची १० किलोबाइटांची नोंद एका कायमच्या कोष्टकांत होते, आणि ग्राहक गेल्यावर ती खोडण्याचें राहून गेलें आहे. रोज १०,००० ग्राहक आले, तर दिवसाला सुमारें १०० मेगाबाइट जागा अडकते. स्मृतीची मर्यादा १ गिगाबाइट असेल, तर दहाव्या दिवसाच्या सुमारास सर्व संपतें. तासाभराच्या चांचणींत मात्र कांहींच दिसत नाहीं. शेवटच्या दिवशीं गडी पुन्हा पुन्हा झाडतो, हातीं फारसें लागत नाहीं, आणि त्याच्या झाडण्यांतच यंत्राचा वेळ जाऊन ग्राहक ताटकळतात.

अशा वेळीं मर्यादा वाढविण्याची घाई होते. तत्पूर्वीं सफाईची नोंदवही पाहणें अगत्याचें. प्रत्येक मोठ्या सफाईनंतर किती जागा व्यापलेली उरते? तो आंकडा दिवसेंदिवस चढत असेल, तर गळती आहे. मर्यादा दुप्पट केल्यानें मरण दहा दिवस लांबतें, टळत नाहीं. आंकडा स्थिर पण मर्यादेच्या लगत असेल, तर जागाच अपुरी आहे, ती वाढवावी. आंकडा स्थिर व कमी असूनही काम रेंगाळत असेल, तर दोष बहुधा अन्यत्र आहे. तेव्हां ‘जेस्टॅक’नें कांहीं सेकंदांच्या अंतरानें तीन-चार वेळां पाहावें, कीं कामें कोठें अडून उभीं आहेत: एखाद्या कुलुपापाशीं, कीं डेटाबेसच्या उत्तरासाठीं.

गळती ठरल्यास ‘जेमॅप’नें स्मृतीचें चित्र उतरून घेतात, व कोणत्या वस्तूनें किती जागा धरिली आहे, हें मेमरी अॅनलायझरांत पाहतात. चित्र घेतांना आज्ञावली थबकते आणि त्यांत ग्राहकांची खासगी माहितीहि उतरते. म्हणून वेळ व जागा जपूनच निवडावी. मग उपाय बहुधा एका ओळीचा निघतो: ग्राहक गेला, कीं त्याची नोंद काढावी. दोरी सुटली, कीं उरलेलें काम गडी आपण होऊन करतो.