एका कंपनीच्या प्रोजेक्टरमध्ये दुसऱ्या कंपनीची ट्यूब बसते का? समजून घ्या सीआरटी प्रोजेक्टरचं सगळं गणित

मेकॅनिक टीव्हीचं मागचं झाकण उघडायचा, दोन मिनिटं आत बघायचा आणि मान हलवून म्हणायचा, "काका, पिक्चर ट्यूब गेली." पुढची पाच मिनिटं घरात कुणी बोलायचं नाही. कारण टीव्हीतला सगळ्यात महागडा भाग तोच. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्ही होता, त्यांना हा प्रसंग वेगळा सांगायला नको.

आता तोच प्रसंग जरा मोठा करून बघा. टीव्हीच्या जागी दोन माणसांनाही उचलायला जड जाईल असा प्रोजेक्टर. एका ट्यूबच्या जागी तीन ट्यूब. आणि त्यातली एक जरी गेली तरी नवी मिळायची पंचाईत, कारण हे प्रोजेक्टर बनवणं कंपन्यांनी कधीच थांबवलंय.

अमेरिका, कॅनडा आणि युरोपात आजही काही हौशी लोकांनी असे सीआरटी प्रोजेक्टर जपून ठेवलेत. त्यांच्यासमोर कधी ना कधी एकच प्रश्न येतो. आपल्या मॉडेलची ट्यूब मिळत नाही, पण दुसऱ्या कंपनीच्या भंगारात निघालेल्या प्रोजेक्टरमधली चांगली ट्यूब मिळतेय. ती बसेल का?

उत्तर आहे, कधी कधी बसते. पण ‘कधी’ बसते हे कळलं नाही, तर चांगली ट्यूब आणि चालू प्रोजेक्टर, दोन्ही एकाच दिवशी जाऊ शकतात.

आधी हा सीआरटी प्रोजेक्टर म्हणजे काय ते बघू

आजच्या प्रोजेक्टरमध्ये एक दिवा किंवा लेझर असतो आणि त्याचा प्रकाश चिपमधून किंवा पॅनेलमधून जातो. सीआरटी प्रोजेक्टरमध्ये वेगळा दिवाच नसतो. लाल, हिरवी आणि निळी अशा तीन छोट्या पिक्चर ट्यूब असतात. प्रत्येक ट्यूब एकाच रंगात चित्र काढते. तिच्यासमोरची लेन्स ते चित्र पडद्यावर टाकते आणि तिन्ही चित्रं एकमेकांवर अचूक बसली की रंगीत चित्र दिसतं.

घरात मोठ्या पडद्यावर टीव्ही दाखवायची ही कल्पना १९७० च्या दशकात बाजारात आली. अमेरिकेत हेन्री क्लॉस यांच्या ॲडव्हेंट कंपनीचा ‘व्हिडिओबीम’ हा त्यातला सुरुवातीचा गाजलेला सेट. पुढे बेल्जियमची बार्को, जपानची सोनी आणि एनईसी, कॅनडाची इलेक्ट्रोहोम अशा कंपन्यांनी हे प्रोजेक्टर बनवले. कॉन्फरन्स हॉल, विमानाचे सिम्युलेटर आणि श्रीमंतांची होम थिएटर ही त्यांची ठिकाणं. ट्यूबचा आकार ७, ८ किंवा ९ इंच. जितकी ट्यूब मोठी, तितका प्रोजेक्टर महाग आणि चित्र बारकाईचं.

१९९६ मध्ये डीएलपी प्रोजेक्टर बाजारात आले, एलसीडीही स्वस्त होत गेले आणि पुढच्या काही वर्षांत सीआरटी प्रोजेक्टरचा धंदा बसला.

ट्यूब खराब का होते?

समजा ट्यूबच्या तोंडावर पाच इंचांचं चित्र तयार होतंय आणि पडद्यावर ते शंभर इंचांचं दिसतंय. म्हणजे लांबी-रुंदी २० पट वाढली, क्षेत्रफळ ४०० पट. तोच प्रकाश ४०० पट जागेत पसरणार. म्हणून ट्यूबला घरच्या टीव्हीपेक्षा कितीतरी जास्त प्रखर चमकावं लागतं.

याचा ताण पडतो काचेच्या आतल्या फॉस्फरच्या थरावर. इलेक्ट्रॉनचा मारा खाऊन खाऊन तो थर काळवंडतो. एकाच जागी एकच गोष्ट वर्षानुवर्षं दाखवली, उदाहरणार्थ कंपनीचा लोगो किंवा कॉम्प्युटरची मेन्यूपट्टी, तर तिचा डाग कायमचा उमटतो. सिनेमा बघताना वर-खाली काळ्या पट्ट्या असतील, तर मधला भाग झिजतो आणि पट्ट्यांची जागा कोरी राहते. मग पूर्ण पडद्याचं चित्र लावलं की तो आयत स्पष्ट दिसतो.

हा डाग पुसता येत नाही. उपाय एकच, ट्यूब बदलणं.

मग दुसऱ्या कंपनीची ट्यूब चालेल असं वाटायचं कारण काय?

प्रोजेक्टरवर नाव एका कंपनीचं असलं, तरी आतली ट्यूब तिनेच बनवलेली असते असं नाही. सोनी स्वतःच्या ट्यूब वापरायची. पण बार्को आणि इलेक्ट्रोहोम यांच्या अनेक मॉडेलमध्ये जपानच्या मात्सुशिताच्या, म्हणजे आपण जिला पॅनासोनिक म्हणून ओळखतो त्या कंपनीच्या ट्यूब असायच्या.

म्हणजे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रोजेक्टर उघडले, तर आत एकाच कारखान्यातल्या ट्यूब निघू शकतात. त्यामुळे जाणकार माणूस प्रोजेक्टरवरचं नाव बघत बसत नाही. तो ट्यूबच्या मानेवरच्या किंवा काचेवरच्या चिठ्ठीवरचा नंबर वाचतो. नंबर सारखा असेल तर निम्मं काम झालं. वेगळा असेल तर खालचा एकेक मुद्दा तपासावा लागतो.

अडतं कुठे?

१. फोकस कसा होतो? हा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. काही ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत बारीक करण्यासाठी आतल्या एका भागाला काही हजार व्होल्टचा दाब देतात. याला इलेक्ट्रोस्टॅटिक फोकस म्हणतात. दुसऱ्या प्रकारात मानेभोवती चुंबकीय कॉइल असते आणि ती झोत बारीक करते. हा इलेक्ट्रोमॅग्नेटिक फोकस. दोन्ही ट्यूबची आतली गन वेगळी आणि लागणारं सर्किटही वेगळं. एका प्रकारच्या सेटमध्ये दुसऱ्या प्रकारची ट्यूब लावायचा विचार इथेच सोडून द्यावा.

२. मान किती जाड? ट्यूबच्या मानेवर योक बसतो. योक म्हणजे झोताला आडवा-उभा फिरवणारी कॉइल. मान जाड असेल तर तो चढणार नाही, बारीक असेल तर डगडगेल. काचेच्या नरसाळ्याचा कोनही जुळायला हवा, नाहीतर चित्राचे कोपरे अंधारात जातात.

इथे एक मोह होतो. नव्या ट्यूबसोबत तिचा योक आलेला असतो, तोच वापरावा असं वाटतं. पण योक सेटच्या सर्किटला जुळवून बनवलेला असतो. कॉइलचं मूल्य वेगळं निघालं तर चित्राची रुंदी बिघडते आणि आडव्या स्कॅनिंगचा आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतो. म्हणून ट्यूब दुसऱ्याची आणि योक आपल्याच सेटचा, हा सुरक्षित मार्ग.

३. पिना आणि व्होल्टेज. मानेच्या टोकाला सॉकेट लागतं. पिना मोजून सारख्या आल्या म्हणजे जमलं असं नाही. कोणत्या पिनेवर हीटर, कुठे कॅथोड, कुठे ग्रिड, हे दोन्ही ट्यूबच्या तक्त्यांत ताडून बघावं लागतं. हीटरचं व्होल्टेज जुळलं पाहिजे. शिवाय जी-टू नावाच्या ग्रिडला काही शे व्होल्ट लागतात. नव्या ट्यूबची गरज सेटच्या मर्यादेबाहेर असेल तर काळा रंग काळा दिसणार नाही किंवा उजेडच कमी पडेल.

४. ईएचटीची वायर. ट्यूबला ३० ते ३५ हजार व्होल्टचा पुरवठा लागतो. टीव्हीत ही वायर रबरी टोपीने काचेला लावलेली असते आणि काढता येते. प्रोजेक्टरच्या अनेक ट्यूबमध्ये ती काचेलाच कायमची चिकटवलेली असते आणि तिचं दुसरं टोक सेटमध्ये घुसतं. कंपनी बदलली की ते टोक बदलतं. वायर कापून जोडायची म्हटलं, तर इतक्या व्होल्टला साधी टेप काहीच कामाची नाही. जोड कच्चा राहिला की ठिणग्या उडतात.

५. काचेचा आकार. काही ट्यूबचं तोंड सपाट, काहींचं आतून वक्र. समोरची लेन्स त्या वक्रतेचा हिशोब करूनच बनवलेली असते. सपाट ट्यूबच्या लेन्ससमोर वक्र ट्यूब ठेवली, तर मधलं चित्र रेखीव आणि कोपरे धूसर, किंवा उलट.

६. समोरचं पाणी, जे पाणी नसतं. ट्यूब तापते, म्हणून तिच्या तोंडासमोर एका बंद कप्प्यात ग्लायकॉलचं मिश्रण भरलेलं असतं. चांगल्या सेटमध्ये हेच द्रव ट्यूब आणि लेन्सच्या मधली हवा काढून टाकतं, त्यामुळे काचेवरून परतणारा प्रकाश कमी होतो आणि चित्रातला काळेपणा वाढतो. हा कप्पा आणि त्याचे स्क्रूचे कान प्रत्येक कंपनीत वेगळे. दुसऱ्या कंपनीची ट्यूब बसवायची तर बऱ्याचदा कप्पा काढून आपल्या सेटचा लावावा लागतो. त्याचं सील नीट बसलं नाही, तर द्रव ठिबकत खालच्या सर्किटवर जातं. वर हजारो व्होल्ट आणि खाली ओलं सर्किट, याचा शेवट वेगळा सांगायला नको. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर पण विषारी असतं. काढलेलं द्रव लहान मुलांच्या किंवा कुत्र्या-मांजरांच्या हाती लागता कामा नये.

७. रंगाची छटा. फॉस्फरचं रसायन रंगाप्रमाणे बदलतं. लाल ट्यूबमध्ये साधारणपणे युरोपियम मिसळलेलं यट्रियम ऑक्साईड, हिरवीत टर्बियम असलेलं फॉस्फर, तर निळीत चांदीचा अंश असलेलं झिंक सल्फाईड असतं. कंपन्यांच्या मिश्रणांत आणि समोरच्या रंगीत फिल्टरमध्ये फरक असतो. एकच ट्यूब बदलली तर हिरवा किंवा लाल थोडा वेगळा दिसू शकतो. शिवाय नवी ट्यूब जुन्या दोघींपेक्षा तेजस्वी असते, त्यामुळे समतोल साधायला तिचाच उजेड कमी करावा लागतो.

सगळ्यात मोठा धोका कोणता?

प्रोजेक्टर बंद केला, प्लग काढला, म्हणजे वीज गेली असं नाही. पिक्चर ट्यूबची काच कपॅसिटरसारखी चार्ज धरून ठेवते. एकदा डिस्चार्ज केल्यावरही थोडा चार्ज परत जमा होऊ शकतो. म्हणून जुने टीव्ही मेकॅनिक एकदा अर्थ करून थांबायचे नाहीत, पुन्हा करायचे.

दुसरी गोष्ट, ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते. काच फुटली तर ती आधी आत कोसळते आणि तुकडे बाहेर उडतात. मान तर इतकी नाजूक असते की योक ओढताना तुटू शकते, आणि मान तुटली की ट्यूब कायमची गेली.

तिसरी गोष्ट एक्स-रेची. इतक्या उच्च दाबाने इलेक्ट्रॉन काचेवर आदळले की थोडे एक्स-रे तयार होतात. ते अडवायला काचेची जाडी, तिच्यातले घटक आणि भोवतीचं कवच ठरवलेलं असतं. उजेड वाढावा म्हणून ईएचटी वाढवणं किंवा बसत नाही म्हणून कवच काढून ठेवणं, हे दोन्ही करायचं नाही.

थोडक्यात, हे काम व्हिडिओ बघून शिकायचं नाही. ज्यांनी आयुष्यभर ईएचटी हाताळलीय अशा माणसाच्या हातचं आहे.

बसली, आता झालं?

नाही. खरं काम इथून सुरू होतं. आधी कमी उजेडावर ट्यूब चालवून बघतात. मग जी-टू, मग फोकस, मग लेन्स मागे-पुढे. त्यानंतर तिन्ही रंगांच्या जाळ्या पडद्यावर टाकून मध्यापासून कोपऱ्यापर्यंत रेषेवर रेष बसवायची. याला कन्व्हर्जन्स म्हणतात. शेवटी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या छटा तपासायच्या. निळं फॉस्फर जास्त झोत दिला तरी त्या प्रमाणात उजळत नाही, म्हणून अनेक जण निळी ट्यूब मुद्दाम किंचित धूसर ठेवतात. यात आख्खा दिवस सहज जातो.

इतका खटाटोप कशासाठी?

कारण सीआरटीचा काळा रंग खरंच काळा असतो. ज्या जागी झोत पडत नाही, तिथे प्रकाशच नाही. ठरावीक पिक्सेल नसल्यामुळे जुने व्हिडिओ गेम आणि जुन्या टेप त्यावर नैसर्गिक दिसतात. रात्रीच्या दृश्यांमुळेच विमानाच्या सिम्युलेटरमध्ये हे प्रोजेक्टर बराच काळ टिकले.

पण दरवर्षी चांगल्या ट्यूब कमी होतायत. चुकीच्या सेटमध्ये जबरदस्तीने बसवून जाळलेली प्रत्येक ट्यूब म्हणजे योग्य सेटचा एक सुटा भाग कायमचा कमी. म्हणून बसेल का हे विचारण्याआधी ट्यूबचा नंबर आणि फोकसचा प्रकार बघायचा. हे दोन जुळत नसतील तर ट्यूब तशीच जपून ठेवायची, कुणाला तरी ती बरोबर बसेल.

आणि जी खरंच संपली, ती कचराकुंडीत टाकायची नाही. सीआरटीच्या काचेत शिसं असतं. आपल्याकडे तुमच्या माळ्यावर जुना डबा टीव्ही पडला असेल तरी नियम हाच. तो फोडून तांबं काढणाऱ्याला न देता अधिकृत ई-कचरा केंद्रावर द्यायचा.