वळचणीखालची ओल

पुण्यांत पाहुणा आला म्हणजे त्यास शनिवारवाडा दाखवावयाचा, हा आम्हां पुणेकरांचा जुना परिपाठ. १८२८ च्या आगींत तेथील लाकडी इमारती भस्मसात् झाल्या; तट, दरवाजे व जोतीं एवढें उरलें. पाहुणा हळहळतो, आपणही त्याजबरोबर हळहळतों. मी मात्र त्यास पुढें विश्रामबागेकडे नेतों. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा १८०८ च्या सुमारास पुरा झाला. १८२१ मध्यें तेथें संस्कृत पाठशाळा निघाली. १८७९ मध्यें त्याचाही पूर्वेकडील भाग जळाला. परंतु लोकवर्गणी व नगरपालिकेचा पैसा यांच्या बळावर तो पुनः उभा राहिला. सुरूच्या घाटाचे ते सागवानी खांब आज पाहावयास मिळतात ते हळहळीमुळें नव्हे.

आग क्वचित् लागते, पाऊस दरसाल येतो. एखादें कौल सरकतें, पन्हळ पाचोळ्यानें तुंबते, आणि पाणी तुळईच्या भिंतींत शिरलेल्या टोंकाशीं मुरतें. बाहेरून तुळई धडधाकट दिसते. आंतून ती कुजलेली असते. मागाहून वाळवी येते. मग कोणी शहाणा चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवितो! चुन्यांतून ओल बाहेर पडूं शकते. सिमेंटखालीं ती कोंडते व लाकडास अधिकच भोंवते. मृगापूर्वीं कौलें चाळणें व पन्हळी साफ करणें, एवढ्यानें जें टळतें तें पुढें लाखांनीं टळत नाहीं.

आमचा वाडा असाच गेला. वाटेकरी अकरा, भाडेकरू सात. भाडें कायद्यानें गोठलेलें, त्यांत शाकारणीचाही खर्च निघत नसे. एका वर्षीं थोरल्या काकांनीं प्रत्येक वाटेकऱ्याकडे दोनशें रुपये मागितले. मीं कार्ड धाडलें, ‘इतर देतील तेव्हां मीही देईन.’ परोपकाराचीं सुभाषितें मुलांकडून घोकून घेणारा मी! काका निवर्तल्यावर त्यांच्या दप्तरांत सर्वांचीं कार्डें सांपडलीं. मजकूर जवळजवळ एकच होता. तोंवर माजघरावरील तुळई बसली होती, आणि वाडा धोकादायक ठरून उतरविलाही गेला होता.

ज्यांचे वाडे अद्यापि सामाईक आहेत त्यांनीं निदान एकाच्या हातीं अधिकार द्यावा आणि चैत्रांतच वर्गणी गोळा करावी. वारसायादींत नांव असल्यानें वाडा पाडण्यास अटकाव होईल. पन्हळ साफ करावयास यादी येत नाहीं.

आमच्या जागेवर आतां सहा मजली इमारत आहे. गेल्या पावसाळ्यांत तिची गच्ची गळूं लागली व दुरुस्तीच्या वर्गणीची नोटीस जिन्याशीं लागली. मीं त्याच संध्याकाळीं पैसे भरले. पावतीचा क्रमांक पहिला होता.